अकादमीच्या घरात सीमाभागाची खोली कुठली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा बेळगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात साहित्य अकादमीवरून वाद रंगला. 'बक्षीस सरकारचं, सरकार देईल त्याला मिळणार,' असं एकानं ठणकावलं आणि चौघांनी माना डोलावल्या. माना डोलावणाऱ्यांत दोन निवृत्त मास्तर होते, म्हणून हे पत्र.

पैसा सरकारचा, हे खरं. पण १९५४ साली सुरू झालेली ही संस्था तिच्या स्वतःच्या घटनेनं स्वायत्त आहे. तिच्या सर्वसाधारण परिषदेवर केंद्राची माणसं असतातच, शिवाय राज्यांचे, विद्यापीठांचे आणि चोवीस भाषांचे प्रतिनिधी असतात. अध्यक्ष ही परिषदच निवडते. २०१८ साली अध्यक्ष झालेले कन्नड कवी-नाटककार चंद्रशेखर कंबार आपल्याच जिल्ह्यातल्या, हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे. त्या निवडणुकीत भालचंद्र नेमाडेही उभे होते, हे आमच्याकडे फारसं कुणाला आठवत नाही. पुरस्काराचं पुस्तक त्या-त्या भाषेचे तीन परीक्षक सुचवतात.

फ्रान्समध्ये विद्वान, कलावंत, शास्त्रज्ञ अशा सगळ्यांच्या पाच अकादम्या १७९५ पासूनच्या एका संस्थेखाली नांदतात. आपल्याकडे चुली वेगळ्या. सुळेभावीचे कुमार गंधर्व संगीत नाटक अकादमीकडे, चित्रकार ललित कला अकादमीकडे. शास्त्रज्ञांची तर एकाहून अधिक घरं. त्यांतलं एक सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये बेंगळुरूला उभारलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गवई आणि शास्त्रज्ञ एका बैठकीत बसून काय ठरवणार, असंही वाटतं.

तक्रार वेगळी आहे. साहित्य अकादमीत मराठीचा कारभार मुंबईच्या कार्यालयाकडे, कन्नडचा बेंगळुरूच्या. दोन्हीकडे इथून रात्रभराचा प्रवास. प्रत्येक भाषेचं सल्लागार मंडळ स्वतंत्र, ते आपल्या भाषेपुरतं पाहणार. राज्याच्या जागेच्या हिशेबात आम्ही कर्नाटकाचे, भाषेच्या हिशेबात मराठीचे. दोन्ही हिशेब बरोबर, तरी आमची बाकी शून्य! घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारा माणूस कुठल्याच मंडळाला दिसत नाही. खरं तर अनुवादाला याहून सुपीक रान कुठलं? अनुवादाचे पुरस्कार अकादमी १९८९ पासून देते आहे.

आमच्या वाचनालयात जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया' या कथासंग्रहाची एक जुनी, कापडी बांधणीची प्रत आहे. आतल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'अकादमी पुरस्कार १९७३'. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'परत केला.' बेळगावात शिकून धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. एं.चं हे पुस्तक मराठी, आणि नोकरी कन्नड मुलखातली. त्यांना कुठल्या एका कार्यालयाच्या कपाटात ठेवायचं?

कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी इथली माणसं वर्गणी काढून साहित्य संमेलनं भरवतात. मराठी आणि कन्नड सल्लागार मंडळांनी वर्षातून एक संयुक्त बैठक बेळगावात घ्यावी, दोन्हीकडचे अनुवादक समोरासमोर बसवावेत, एवढीच मागणी आहे. अकादमीची घटना बदलायला नको की नवं कार्यालय उघडायला नको. सभागृह आणि चहा आमच्याकडे लागला.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. बेळगाव