मंत्री महोदय, औषधाच्या दर्जाचं पीएलजीए इथेच बनू द्या

मा. केंद्रीय रसायन व खते मंत्री,
सविनय नमस्कार.

मी पुण्यात फार्मास्युटिक्समधे पीएचडी करतेय, घर सातारा जिल्ह्यात, घरचा ऊस. औषध विभाग तुमच्याकडे आहे म्हणून तुम्हालाच लिहितेय आणि मागणं एकच आहे, पीएलजीए नावाचं पॉलिमर, इंजेक्शनात चालेल अशा दर्जाचं, आपल्या देशात बनलं पाहिजे.

पीएलजीए म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिड जोडून केलेली लांब साखळी. तिचे केसाच्या जाडीएवढे किंवा त्याहून बारीक गोल कण करायचे, आत औषध भरायचं आणि सुईने स्नायूत सोडायचे. शरीरातलं पाणी ती साखळी हळूहळू तोडतं, औषध थोडं थोडं बाहेर येतं आणि मागे उरतात फक्त ती दोन ॲसिडं, त्यातलं लॅक्टिक तर आपण दह्यातून रोज खातो. नंतर काढायला काही राहतच नाही. १९८९ साली अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरसाठी ल्युप्रोलाइडचं असं इंजेक्शन मंजूर झालं आणि रोजची सुई महिन्यावर गेली. माझे मोठे काका हेच औषध घेतात, काकू कॅलेंडरवर तारखेला लाल गोल करून ठेवते, बाकी महिनाभर घरात त्या आजाराचं नाव निघत नाही. स्किझोफ्रेनियासाठी रिस्पेरिडोनचं दोन आठवड्यांचं इंजेक्शनही याच पॉलिमरचं. ज्या घरात रोज गोळीवरून भांडण होतं त्या घराला विचारा याची किंमत.

आता लॅबमधलं सांगते. पॉलिमर आणि औषध डायक्लोरोमिथेन या सॉल्व्हंटमधे विरघळवायचं, ते पीव्हीए (थेंब एकमेकांना चिकटू न देणारा पदार्थ) घातलेल्या पाण्यात बारीक धारेने सोडत होमोजिनायझर, म्हणजे जोरात घुसळणारं यंत्र, फिरवायचं, बीकरमधे दुधासारखं पांढरं होतं. मग तीन-चार तास नुसतं ढवळत बसायचं, सॉल्व्हंट उडून जातं आणि थेंबांचे घट्ट कण होतात. सॉल्व्हंट ६०० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ६०० भाग) जास्त राहिलं तर बॅच बाद. आणि खरी परीक्षा तर पुढे असते, कण ३७ अंशाला ठेवून २८ दिवस रोज किती औषध सुटतंय ते मोजायचं, म्हणजे एका बॅचचं उत्तर यायला एक महिना जातो!

मागच्या उन्हाळ्यात आमचं परदेशातून आलेलं पॉलिमर मधेच कुठल्यातरी गोदामात अडकलं, डब्यावर उणे २० लिहिलेलं आणि हातात आलं तेव्हा बर्फाच्या पिशव्या कोमट होत्या. पीएलजीएला ओल आणि उष्णता सोसत नाही, साखळी आधीच तुटायला लागते. तरी पैसे गेलेले म्हणून आम्ही वापरलं आणि पहिल्याच दिवशी जवळजवळ निम्मं औषध बाहेर! काकांसारख्या माणसाच्या अंगात असं झालं तर? पुन्हा ऑर्डर, पुन्हा वाट, माझे पाच महिने गेले.

आपल्याकडच्या काही कंपन्या अशी इंजेक्शनं बनवतात, मला त्याचा अभिमान आहे. पण चांगलं पीएलजीए हवं असेल तर अजून आम्ही बाहेरच्याच कंपन्यांकडे बघतो. मोठी कंपनी ते परवडवून घेते, छोटी कंपनी आणि विद्यापीठ तिथेच थांबतं.

आणि कच्चा माल कुठला तर साखर! साखरेपासून लॅक्टिक ॲसिड, त्यापासून लॅक्टाइड (लॅक्टिकचे दोन रेणू जोडून झालेलं कडं), त्यापासून पीएलए, म्हणजे नुसत्या लॅक्टिकची साखळी, पॅकेजिंगला वापरतात ती, हा रस्ता आपल्याला माहीत आहे, २०२४ मधे जेजुरीला प्राज या पुण्याच्या कंपनीने त्याचा डेमो प्लांट सुरू केलाय. पण पॅकेजिंगचं पॉलिमर आणि सुईतून जाणारं पॉलिमर यात फार अंतर आहे. ग्लायकोलाइड, म्हणजे ग्लायकोलिकचं तसंच कडं, जोडावं लागतं, तेही लॅक्टिक-ग्लायकोलिकचं प्रमाण कधी ५०:५०, कधी ७५:२५ ठेवून, कारण त्या प्रमाणावर ठरतं की कण महिन्यात विरघळणार का आणखी लांबणार. साखळी जोडायला वापरलेल्या कॅटॅलिस्टचं टिन (कथील) जवळजवळ शून्यावर आणावं लागतं, आणि आजच्या बॅचची साखळी जेवढी लांब तेवढीच सहा महिन्यांनंतरच्या बॅचची पाहिजे. हे शेवटचंच सगळ्यात अवघड, आणि एकटा छोटा उद्योजक एवढी वर्षं तोटा खात नाही बसू शकत.

तुमच्याच विभागाची प्रिप योजना आहे, औषध संशोधनाला मदत करणारी, २०२३ ची, ५००० कोटींची, त्यात सात नायपरमधे (औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्था) उत्कृष्टता केंद्रं आहेत. त्यातल्या एका ठिकाणी पीएलजीएची छोटी जीएमपी लाइन, म्हणजे औषध-निर्मितीचे दर्जाचे नियम पाळणारी, टाका, पाहिजे तर आमच्या पुण्याच्या एनसीएलला (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) सोबत घ्या, तिथे पॉलिमरची जाण असलेली माणसं आहेत. वर्षाला शंभर-दोनशे किलो झालं तरी आमच्यासारख्यांना खूप झालं, एका रुग्णाच्या इंजेक्शनात ते मिलिग्रॅममधेच लागतं. बनलेला माल विद्यापीठांना आणि छोट्या कंपन्यांना ठरलेल्या दरात, टेस्ट रिपोर्टसकट द्या, आणि पोचवताना थंड ठेवून पोचवा.

माझी नवी बॅच सोमवारी ३७ अंशाला ठेवलीय. आज चौथा दिवस.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे