अध्यक्ष महोदय, शिक्षा मतदारांना नको

मा. गेरी ब्राउनली,
अध्यक्ष, न्यूझीलंड संसद, वेलिंग्टन

अध्यक्ष महोदय, सविनय नमस्कार.

मी हॅमिल्टनमध्ये राहणारी मराठी मतदार. माझं नाव सर्वसाधारण यादीत आहे, त्यामुळे हाउराकी-वायकाटो या माओरींसाठीच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांसाठीच्या, वेगळ्या मतदारसंघात मला मत देता येत नाही. तरीही तिथल्या खासदार हाना-राफिती मायपी-क्लार्क यांच्या निलंबनाबद्दल आपल्याला लिहावंसं वाटलं.

आपण आणि या मतदारसंघाच्या आधीच्या खासदार नानाया माहुता एकाच वर्षी, १९९६ मध्ये, संसदेत आलात. त्याच माहुताबाईंना २०२३ मध्ये हंटलीच्या या २१ वर्षांच्या मुलीने हरवलं. १८५३ नंतर इतक्या लहान वयाचं कुणी या संसदेत आलं नव्हतं. त्याआधी ती मुलांना माओरी चांद्र कालगणनेप्रमाणे बागेत लागवड शिकवायची. आमच्याकडे मृगावर पेरणीचा हिशेब असतो, तसंच काहीसं. अशी मुलगी राजकारणात येते, ही कुठल्याही देशाने जपावी अशी गोष्ट आहे.

१४ नोव्हेंबर २०२४ चा प्रसंग तर आपल्या डोळ्यांसमोरच घडला. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुखांमधल्या १८४० च्या वायटांगी कराराची तत्त्वं नव्याने ठरवू पाहणाऱ्या विधेयकावर मतदान चालू होतं. 'ते पाती माओरी' या त्यांच्या पक्षाची पाळी आली तेव्हा हाना-राफिती उठल्या, विधेयकाची प्रत टरकावली आणि हाका, म्हणजे माओरींचं पारंपरिक सामूहिक नृत्य, सुरू केला. सहकारी बाकांवरून पुढे आले, प्रेक्षक सज्जातली माणसं उभी राहून साथ देऊ लागली. आपण कामकाज थांबवलंत, सज्जा रिकामा करवलात आणि त्यांना २४ तासांसाठी निलंबित केलंत. सभागृह चालवणं आपलं काम आहे. त्या दिवसाच्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. ५ जून २०२५ रोजी, हक्कभंगाच्या प्रकरणात, सभागृहाने त्यांना आणखी सात दिवस आणि हाकात सामील झालेल्या पक्षाच्या दोन्ही सहनेत्यांना २१ दिवस निलंबित केलं. याआधी तीन दिवसांपेक्षा मोठं निलंबन या संसदेत झालेलं नव्हतं. शिक्षा फार कडक आहे हे आपणही सभागृहात बोलून दाखवलं होतं. मग तीच बहुमताने मंजूर झाली. आणि ज्या विधेयकावरून हे सगळं झालं, ते त्याआधीच, एप्रिलमध्ये, ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळलं गेलं होतं!

मतदान चालू असताना समोरच्या बाकांपर्यंत जाणं दहशतीचं वाटू शकतं, हा शिक्षा सुचवणाऱ्या हक्कभंग समितीचा मुद्दा मी समजू शकते. पण खासदाराला बाहेर ठेवलं की तिचा मतदारसंघही बाहेर राहतो. महाराष्ट्र विधानसभेने जुलै २०२१ मध्ये १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित केलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये तो ठराव रद्द केला. चालू अधिवेशनापलीकडचं निलंबन घटनाबाह्य आहे आणि त्याने मतदारसंघ प्रतिनिधीविना राहतो, असं न्यायालयाने सांगितलं. ते आमदार कुठल्या पक्षाचे होते, हा प्रश्नच नव्हता. आपल्या दोन्ही सभागृहांची रीत एकाच वेस्टमिन्स्टरची, म्हणून हा दाखला देते.

दुसरं असं की, कराराच्या भंगाबद्दल माओरींना भरपाई देणाऱ्या तडजोडींची विधेयकं मंजूर होतात तेव्हा याच सज्जातून गाणी आणि हाका होतात. तेव्हा कुणाला धोका वाटत नाही. मग आनंदाचा हाका चालतो आणि विरोधाचा हाका गुन्हा ठरतो, असा अर्थ माझ्या माओरी शेजाऱ्यांनी काढला तर त्यांचं काय चुकलं? त्या हाकानंतर पाचच दिवसांनी, १९ नोव्हेंबर २०२४ ला, त्याच विधेयकाच्या विरोधात सुमारे ४२ हजार माणसं संसदेच्या दारात आली होती.

कामकाजाच्या नियमांचा आढावा घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष आपणच आहात. तिथे दोन गोष्टी लिहून घ्याव्यात, ही विनंती. सभागृहात हाका कधी आणि कसा करता येईल, हे माओरी जाणकारांना सोबत घेऊन स्पष्ट ठरवावं. आणि बहुमताच्या जोरावर विरोधी खासदाराला किती दिवस बाहेर ठेवता येईल, याला मर्यादा घालावी. पुढच्या निवडणुकीआधी हे झालं, तर नव्याने येणाऱ्या तरुण खासदारांना आपली वाट कुठवर मोकळी आहे ते आधीच कळेल.

कळावे,
आपली,
हॅमिल्टनची एक मराठी मतदार