कोल्हापूरच्या चप्पल लाइनीतल्या मामांना, सायकलच्या बुटांबद्दल

मामा, सा. न. वि. वि.

एवढं लांबलचक तुम्ही स्वतः वाचणार नाही, ठाऊक आहे. नातीकडून वाचून घ्या. आभार मानायला मी दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा तुम्ही "बरं बरं, च्या घेणार न्हवं?" म्हणून विषय मोडलात. आता सगळ्यांसमोर लिहिते, म्हणजे मध्येच चहा सांगता येणार नाही.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती बुटांसाठी नव्हेच. सासऱ्यांच्या कापशी चपलेचा अंगठा तुटला होता, तो शिवून घ्यायचा होता. मी पायरी चढताना लंगडले आणि तुम्ही चपलेकडे न बघता माझ्या पायाकडे बघितलंत. "काय लागलंय?" मी म्हटलं, लागलं नाही, सायकलचे नवे बूट आहेत. "बूट घालून सायकल? मग लंगडायचं कारण काय?" या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

वीस वर्षांनी सायकलवर बसले होते मी. दोन बाळंतपणं, बँकेतली खुर्ची आणि साखर जरा वाढलीय म्हणणारे डॉक्टर, या तिघांनी मिळून बसवलं म्हणा. रविवारी पहाटे आमचा सात-आठ जणांचा घोळका पन्हाळ्याला जातो. त्यातल्या एका जाणत्याने सांगितलं, साध्या बुटांवर ताकद वाया जाते, पायडलला अडकणारे बूट घे. घेतले. तळ कार्बनचा, वजन पिसासारखं, किंमत 11,800 रुपये. पायडल वेगळे. घरात मी किंमत 4,000 सांगितली होती, ती आता या पत्रामुळे फुटली.

पहिल्याच रविवारी गंगावेशीत म्हशी आडव्या आल्या. ब्रेक लागला, सायकल थांबली, बूट काही सुटेनात, आणि मी उभीच्या उभी डावीकडे कलंडले. म्हशीवाला म्हणाला, "वयनी, पाय खाली टेकायचा असतोय." ते दुखणं तिथेच विसरले. खरा त्रास शिवाजी पूल ओलांडून केर्लीच्या पुढे सुरू झाला. आधी करंगळीला मुंग्या, मग चवड्याखाली निखारा ठेवल्यासारखी आग. वाघबीळच्या चढाला लागेपर्यंत तीन बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. वर झुणका-भाकरीच्या टपरीपर्यंत चालायचं म्हटलं तर तळाला पायडलमध्ये अडकणारा त्रिकोणी प्लॅस्टिकचा ठोकळा बाहेर आलेला. बदकासारखी फेंगडत, फरशीवर घसरत मी भाकरीपर्यंत पोहोचले. सगळे म्हणाले, नवे आहेत, वापरून सैल होतील. दोन महिने मी सैल होण्याची वाट बघितली.

"सैल होतील" हे ऐकून तुम्ही हसला होतात. कोल्हापुरी चप्पलसुद्धा पहिले पंधरा दिवस चावते, पण तेल पाजलं की नरमते आणि ज्याची त्याची होते, कारण ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पिकवलेलं कातडं. माझ्या बुटाचं वरचं कापड दोन बोटांत धरून ताणून बघितलंत आणि म्हणालात, "चामडं पायाला वळखतंय ताई. ह्ये कुणालाच वळखत न्हाई." सायकलचे बहुतेक बूट असेच कृत्रिम कापडाचे असतात आणि ते मुद्दाम न ताणणारे केलेले असतात. म्हणजे दुकानात जो चावतो तो घरी येऊनही चावणारच. हे मला बूट विकणाऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही म्हणालात, उद्या संध्याकाळी या. मला वाटलं, गिऱ्हाइकं आहेत म्हणून टाळताय. दुसऱ्या दिवशी कळलं की दिवसभरात पाय फुगतात, उन्हात आणखी फुगतात, आणि माप त्या फुगलेल्या पायाचं घ्यायचं असतं. खाकी कागद जमिनीवर पसरलात, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं केलंत, आणि पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती फिरवलीत. तिरकी धरली तर पाय कागदावर बारीक होतो, हेही सांगितलंत. डावा पाय 252 मिलिमीटर, उजवा 247. चवडा डावीकडे 103. पंचेचाळिशी आली तरी माझा डावा पाय मोठा आहे हे मला माहीत नव्हतं! दोन बाळंतपणांत पाय पसरला असणार, असं बायको सांगते म्हणालात. पुढे डॉक्टरबाईंनाही विचारलं. असं होतं, आणि पाय नेहमी परत पहिल्यासारखा होतोच असं नाही.

त्यानंतर जे केलंत ते मी आजवर निदान दहा जणींना करून दाखवलंय. बुटातला सुकतळा ओढून बाहेर काढलात आणि त्या कागदावरच्या पायावर ठेवलात. लांबीला चोख बसला. म्हणून तर मी फसले होते, 40 नंबर माझाच नंबर होता. पण रुंदीला करंगळीच्या बाजूने माझा पाय सुकतळ्याच्या बाहेर बोटभर लोंबत होता. तेवढा पाय मी दर रविवारी आत कोंबत होते. चवड्याची हाडं दोन्हीकडून दाबली गेली की मधल्या नसा चेपतात आणि बोटं बधिर होतात. इतकं साधं. शर्यतीच्या बुटांचा फर्मा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो साचा, बहुतेक अरुंदच असतो.

मी म्हटलं, मग 42 घेते. तुम्ही मान हलवलीत. लांब बूट घेतला तर टाच आत वरखाली होणार, घोट्याखाली घासणार, आणि बोटं पुढे मोकळी असूनही चवडा आवळलेलाच राहणार. रुंद फर्म्याचा बूट शोधायचा, लांब नव्हे. युरोपच्या मापात एक नंबर म्हणजे जेमतेम साडेसहा-पावणेसात मिलिमीटरचा फरक, तोही लांबीचा. रुंदीचा पत्ता त्या आकड्यात नसतोच.

तुम्हाला बूट कुलपासारखा अडकवणाऱ्या पायडलची गोष्ट सांगितली तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. बर्फावर घसरायच्या पट्ट्यांना बूट अडकवायची यंत्रं करणारी लूक नावाची फ्रेंच कंपनी, तिने तीच युक्ती 1984 मध्ये सायकलच्या पायडलला लावली, आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो त्या पायडलवर टूर द फ्रान्स जिंकला. तुम्ही म्हणालात, "बर्फावरचं हाय व्हय! मग म्हशीत कसं चालंल?" खरंच आहे. चालण्यासारखी सोय पुढे 1990 मध्ये शिमानोने आणली: बुटाच्या तळाला लावायची, पायडलमध्ये अडकणारी लोखंडी पट्टी लहान, दोनच स्क्रूंची, आणि तळाच्या खाचेत बुडालेली, म्हणजे जमिनीला रबर लागतं. डोंगरात सायकल उचलून चालणाऱ्यांसाठी केलेली. मला नेमकं तेच हवं होतं आणि मी घेऊन बसले होते तीन स्क्रूंचे शर्यतीचे. (या सगळ्याला इंग्रजीत क्लिपलेस म्हणजे बिनक्लिपचं म्हणतात, कारण त्याआधी पायडलवर तारेची टोपी आणि पट्टा असायचा, त्याला क्लिप म्हणत. अडकणाऱ्या वस्तूला न अडकणारी म्हणायचं, हे तुम्हाला समजावताना माझाच गोंधळ उडाला होता.)

पण तुम्ही लगेच नवे घ्या म्हणाला नाहीत, आणि माझे खरे आभार त्यासाठी आहेत. माझे जुने कॅनव्हासचे बूट आणायला लावलेत. ते मोकळे होते, पण तळ इतका मऊ की पायडलचा लोखंडी पिंजरा पायाला जाणवायचा. तुम्ही चपलेच्या तळाचं जाड चामडं घेतलंत, त्या खाकी कागदावरून रापीने दोन सुकतळे कापलेत आणि आत बसवून दिलेत. 150 रुपये. साधे चपटे पायडल आणि तुमचे सुकतळे, यावर मी अख्खा पावसाळा पन्हाळा केला. एकदाही पाय बधिर झाला नाही. पायडल मारताना तळ वाकला नाही की भार चवडाभर पसरतो, एका ठिकाणी टोचत नाही. कार्बनने जे करायचं ते माझ्या वेगाला चामड्याने केलं. वाया जाणारी ताकद म्हणाल तर घोळक्यात मी आधीही सर्वांत मागे होते, नंतरही तिथेच. त्या सुकतळ्यांना जुलैत बुरशीचा वास आला, तेव्हा उन्हात टाकू नका, तडकतील, रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा, हेही तुम्हीच सांगितलंत. घरात मुलांनी त्या बुटांना वेगळी खोली द्यायची सूचना केली होती, ती जाऊ दे.

दिवाळीनंतर मी तो खाकी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पुण्यात बहिणीकडे गेले असताना तीन दुकानं फिरले. दर ठिकाणी संध्याकाळी, माझे सायकलचे मोजे घालून, सुकतळा काढून कागदावर. दुकानातली पोरं हसली, मग तिसऱ्या दुकानातल्या पोराने स्वतःच्या बुटाचा सुकतळा काढून बघितला. शेवटी रुंद फर्म्याचे, नायलॉनच्या तळाचे, तीन वेल्क्रो पट्ट्यांचे, दोन स्क्रूंचे बूट मिळाले. 3,200 रुपये. चकती फिरवून तार आवळणारे देखणे असतात, पण वेल्क्रो चालत्या सायकलवर एका हाताने सैल करता येतो आणि बिघडला तर तुमच्याकडे शिवता येतो. पायडल 2,100 चे, त्याबरोबर तळाला लावायच्या लोखंडी पट्ट्या आल्याच. वर 350 खर्चून वेगळ्या पट्ट्या घेतल्या, पाय नुसता आडवा वळवून नव्हे तर वर-तिरका झटकूनही सुटणाऱ्या. पायडलच्या स्प्रिंगचा स्क्रू सगळ्यात सैल ठेवला. म्हशींची तयारी.

आणि पट्टी बसवायला परत तुमच्याकडेच आले! तुम्ही असला बूट जन्मात पाहिला नव्हता. तरी माझ्या तळपायाला अंगठा लावून चवड्याची दोन्ही हाडं शोधलीत, अंगठ्यामागचं आणि करंगळीमागचं, बुटावर बाहेरून खडूने खुणा केल्यात आणि म्हणालात, दाब हाडावर नको, जरा मागं घ्या. सायकलच्या दुकानातला पोरगा तेच सांगतो, फक्त तो त्याचे 500 घेतो. पट्टी तीन मिलिमीटर मागे सरकवली आणि लांबच्या पल्ल्यात उरलीसुरली आगही गेली.

त्या पायांनी मी फेब्रुवारीत 200 किलोमीटर केले, बेळगावच्या अलीकडून वळून परत. अशा लांब पल्ल्याच्या फेरीत ते साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात, माझे 12 तास 50 मिनिटांत झाले. निपाणीच्या पुढचा तवंदी घाट चढताना मांड्या रडत होत्या, पाठ बोलत होती, पायांची आठवणसुद्धा झाली नाही. ते 11,800 चे बूट एका बारीक पायाच्या कॉलेजच्या मुलाला 5,000 ला दिले. त्याला अगदी चपखल बसले. त्याचाही पाय आधी कागदावर काढला, पेन्सिल उभी धरून.

तर मामा, डाव्या बुटाचा मधला वेल्क्रो उसवलाय. शनिवारी घेऊन येते, संध्याकाळी सहानंतर. बरोबर आमच्या घोळक्यातल्या दोघी आहेत, त्यांचेही पाय काढायचेत, खाकी कागद मी आणते. मागच्या खेपेचे तुम्ही न घेतलेले पैसे सासऱ्यांच्या चपलेच्या खात्यात लावा, तिचा दुसरा अंगठाही आता जायला आलाय.

तुमची,
पन्हाळ्याच्या घोळक्यातली सर्वांत मागची