बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, नमस्कार.

परवा संकेश्वरची गाडी भरून गेली आणि मी ऑफिसात बसून रडले. दुरुस्त केलेली डाय, म्हणजे पाइपचा साचा, परत घेताना तुम्हाला नुसतं ‘येते हं काका’ म्हणून निघाले होते. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

आमचा मच्छेतला कारखाना म्हणजे एक एक्स्ट्रूडर, म्हणजे पाइप काढायचं मशीन, आणि तीन कामगार. ६३ एमएमच्या पीव्हीसी पाइपवर सगळ्यांची चूल पेटते. उन्हाळ्याच्या तोंडावर उसाला पाणी द्यायला शेतकऱ्यांची मागणी आली आणि नेमकी तेव्हाच पाइपवर रेघ उमटायला लागली. एक बाजू जाड, दुसरी पातळ. डाय उघडून बघितली तर लिप, म्हणजे माल बाहेर पडतो ती तोंडाची कड, खाल्लेली. कॅल्शियम घातलेला माल वर्षानुवर्षं घासत गेलेला, त्यात लाइट गेली की आत अडकलेला माल जळतो, त्यातून ॲसिड सुटतं आणि ते डायवरचा क्रोमचा मुलामा खातं. वर आमच्या पोरानं जळका माल स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला होता.

दुरुस्तीला नेली तर पहिल्या ठिकाणी हँड ग्राइंडर मारून लिपची धारच गोल करून दिली, पैसे मात्र पुरे घेतले. दुसऱ्यांनी २२ दिवस डाय नुसती ठेवून घेतली. मी समोर उभी असताना ते माझ्या ड्रायव्हरशी बोलत होते. शेवटी म्हणाले, भंगारात घाला. नव्या डायला दीड-दोन महिने लागणार होते. तेवढ्यात माझं गिऱ्हाईक गेलं असतं.

तुम्ही डायला हात लावायच्या आधी पाइपचे दोन तुकडे मागितलेत, एक आत्ताचा आणि एक चांगल्या दिवसातला. दोन्हींवरून नख फिरवलंत. मग विचारलंत, ‘साफ कशानं करता?’ मी खरं ते सांगितलं. तुम्ही रागावला नाहीत. खणातून पितळेची पट्टी काढून माझ्या हातात दिलीत, ‘लिपला लोखंड लावायचं न्हाई’ एवढंच म्हणालात.

लिपवर टिग वेल्डिंग मारायच्या दिवशी तुम्ही आधीच बजावलंत की जुनं पोलाद आहे, गार होताना तडा गेला तर डाय संपली. सकाळी तापवून वेल्डिंग केलंत आणि राखेत पुरून ठेवलीत. मी घरी आले. जेवण गेलं नाही. सासूबाई दोनदा विचारून गेल्या.

रात्री ११:४० ला तुमचा फोन. ‘अक्का, बाहेर काढली. लाल पेनिट्रंट मारून बघितलं. तडा न्हाई. झोपा आता.’

काका, तो फोन तुम्ही सकाळी केला असतात तरी चाललं असतं. त्यासाठी तुम्ही जेवून परत शेडवर गेला होतात, हे मला नंतर तुमच्या पोराकडून कळलं. पुढचं लेथ, पॉलिश, हार्ड क्रोम, मँड्रेलचं, म्हणजे डायच्या मधल्या दांड्याचं, सेंटर हे सगळं तुमच्या हातचं, त्यावर मी काय बोलणार? पण त्या रात्री माझ्या घरात दिवा जळतोय हे तुम्हाला शेडमध्ये बसून कळलं. उद्यमबागेत हाक मारली की लेथवाला मिळतो, कसबाला तिथं तोटा नाही. दुसऱ्याच्या पोटातली कालवाकालव ओळखणारं माणूस मात्र मला इतक्या वर्षांत असं दुसरं भेटलं नाही.

पहिला पाइप निघाला तेव्हा त्याचं कडं कापून चारी बाजूंनी व्हर्नियर लावला. चारी आकडे सारखे. ते कडं मी देवघरात ठेवलंय.

पितळी पट्टी मशीनच्या बाजूला दोरीनं बांधलीय. पुढच्या सोमवारी ७५ ची डाय घेऊन येतेय. तिला अजून काही झालेलं नाही, पण एकदा तुमचं नख फिरवून घ्यायचंय.

तुमची,
मच्छेची अक्का