ओटीपी घेतला, पण आत कोणाला काय दिसतं?

संपादक महोदय,

मराठवाड्यातल्या पतसंस्था, बाजार समित्या, शिकवणी वर्ग असे सगळेच आता कारभारासाठी ऑनलाइन सॉफ्टवेअर करून घेत आहेत. ते तयार करणं हेच माझं काम. संचालक मंडळासमोर बसलं की सुरक्षेबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ओटीपी आहे ना?" हो म्हटलं की विषय संपतो. लॉगिन करून आत आलेल्याला कोणाकोणाची माहिती दिसणार, हे कुणी विचारत नाही. मला काळजी वाटते ती याचीच.

समजा, एका पतसंस्थेच्या निलंगा शाखेतल्या लिपिकाने कर्जदाराचं खातं उघडलं. ब्राउझरच्या पत्त्यात शेवटी 1042 दिसतंय. त्याने तिथे 1043 टाकलं आणि उदगीर शाखेतल्या भलत्याच कर्जदाराची थकबाकी, तारण, आधार क्रमांक सगळं समोर आलं. ओटीपी खरा, पासवर्ड खरा, माहिती एन्क्रिप्ट (वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी सांकेतिक) होऊनच आली. तरी नको त्याने ती पाहिली. स्क्रीनवरचं बटण लपवून हे थांबत नाही. हे खातं बघायचा या माणसाला अधिकार आहे का, हे सर्व्हरने दर वेळी तपासलं पाहिजे. वेब सॉफ्टवेअरमधल्या धोक्यांची यादी काढणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने 2017 मध्ये पाचव्या क्रमांकावर असलेला हा दोष 2021 मध्ये पहिल्या क्रमांकावर आणला.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये लिपिक, शाखाधिकारी, व्यवस्थापक अशा पदांनुसार परवानग्या असतात. पद्धत सोपी आणि स्वस्त आहे, पण नुसतं पद पाहिलं तर एका शाखेच्या अधिकाऱ्याला सगळ्या शाखा खुल्या होतात. पदाला शाखेची जोड द्यायलाच हवी. चार-पाच शाखांच्या संस्थेला तेवढं पुरतं. त्याहून किचकट आणि महागडी व्यवस्था कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये.

एकदा लॉगिन केलेल्याला पुढे कसं ओळखत राहायचं, हाही निर्णय असाच अंगावर येतो. हल्ली सरसकट टोकन, म्हणजे लॉगिन करणाऱ्याकडेच दिलेला ठरावीक मुदतीचा डिजिटल पास, वापरतात. त्यावरची डिजिटल सही पटली की सर्व्हर आत सोडतो, दर वेळी नोंदवही उघडत नाही. लाखो ग्राहकांच्या ॲपला ते सोयीचं आहे. पण दुपारी कामावरून काढलेल्या माणसाचं टोकन मुदत संपेपर्यंत चालूच राहू शकतं. दुसरी पद्धत सेशनची : त्यात कोण लॉगिन आहे याची नोंद सर्व्हरवरच असते, ती त्याच क्षणी रद्द करता येते. पन्नास-शंभर कर्मचाऱ्यांच्या संस्थेत वेगाचा फरक जाणवतही नाही, म्हणून तिथे मी सेशनचाच आग्रह धरतो.

ओटीपीला माझा विरोध नाही. मात्र आपल्याकडे अनेक वयस्कर सभासदांच्या खात्याला मुलाचा नंबर जोडलेला असतो. ओटीपी मुलाच्या हातात पडतो, हेही मंडळाने लक्षात घ्यावं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सॉफ्टवेअर बाहेरून करून घेतलं तरी त्या कायद्याने जबाबदारी संस्थेचीच राहते. ठेवी अडकल्यामुळे इथला ठेवीदार आधीच पोळलेला आहे; त्याची माहिती तरी नीट सांभाळा.

संचालकांना माझी कळकळीची विनंती आहे : करारातच एक चाचणी लिहून घ्या. दोन शाखांच्या दोन कर्मचाऱ्यांना लॉगिन द्या, एकमेकांच्या शाखेतली खाती क्रमांक बदलून उघडायला सांगा आणि एकही खातं उघडलं नाही, तरच बिलाचा शेवटचा हप्ता द्या.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता, लातूर