ईपोल_सीटीएलचा पूर कुठून येतो हे दाखवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

लिबईव्ही (libev, अनेक कनेक्शनांवर एकाच लूपमधून नजर ठेवणारी सी लायब्ररी) हिच्यावर चालणारा आमचा सर्व्हर फारशी रहदारी नसतानाही प्रोसेसर खात होता आणि खापर लायब्ररीवर फुटलं होतं. तुम्ही विचारलंत, "सेकंदाला ईपोल_वेट किती आणि ईपोल_सीटीएल किती, हे मोजलंत का?" मोजलं नव्हतं. (ईपोल ही कोणत्या कनेक्शनवर हालचाल झाली ते सांगणारी लिनक्स कर्नलची सोय; ईपोल_वेट त्या सूचनांची वाट पाहतो, ईपोल_सीटीएल नोंद घालतो, बदलतो किंवा काढतो.) त्या प्रश्नाबद्दल आणि पुढे तुम्ही जे उलगडून दाखवलंत त्याबद्दल हे आभार. उघडपणे लिहितोय, कारण हाच घोळ आणखी कुणाच्या सर्व्हरवर नक्की लपलेला असणार.

मोजायला एस-ट्रेस (प्रोसेसचे सिस्टीम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेल्या मागण्या, दाखवणारं साधन) पुरतो: -एफ आणि -सी लावून चालू प्रोसेसला दहा सेकंद जोडायचा. जास्त वेळ नको, त्याच्या ओझ्याखाली सर्व्हरच मंदावतो. निरोगी लूपमध्ये प्रत्येक नव्या कनेक्शनमागे साधारण एक ईपोल_सीटीएल दिसतो, बाकी सगळे ईपोल_वेट, रीड आणि राइट. इथे ईपोल_सीटीएलचा ढीग होता आणि मधूनमधून नवा ईपोल बनवणारा ईपोल_क्रिएट१ डोकावत होता. ही दुसरी गोष्ट खरी खूण, हे तुमच्याच नजरेला आलं. लूप सुरू होताना एकदाच व्हायला हवा असा तो कॉल.

कारण समजायला तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात. पहिली कर्नलची: ईपोल नोंद ठेवतो ती उघड्या फाइलची, नुसत्या डिस्क्रिप्टरच्या आकड्याची नव्हे. (डिस्क्रिप्टर म्हणजे उघड्या फाइलला प्रोसेसमध्ये मिळणारा क्रमांक; कनेक्शनही इथे फाइलच.) फोर्क केल्यावर, म्हणजे प्रोसेसने आपल्यासारखीच चाइल्ड प्रोसेस बनवल्यावर, त्याच उघड्या फाइलकडे बोट दाखवणारी डिस्क्रिप्टरची प्रत चाइल्डकडेही जाते. मग पेरेंटने क्लोज केलं तरी नोंद तशीच राहते आणि सूचना येत राहतात. दुसरी लिबईव्हीची: वॉचर (एका डिस्क्रिप्टरवरचा पहारेकरी) थांबवला की ती नोंद पुसायला जातच नाही. डिस्क्रिप्टर आता बंद होणार, कर्नल आपोआप नोंद काढेल, असं धरून दर कनेक्शनमागे एक सिस्टीम कॉल वाचवते. काटकसर चांगली आहे, पण चाइल्डकडे प्रत राहिली की गृहीतक कोसळतं.

मग शिळी, म्हणजे आपण बंद केलेल्या कनेक्शनची, सूचना येते. लिबईव्ही ईपोलला दिलेल्या ६४ बिटांत खालच्या ३२ बिटांत डिस्क्रिप्टर आणि वरच्या ३२ बिटांत त्याच्या पिढीचा, म्हणजे दर नोंदणीला वाढणारा, आकडा ठेवते. तोच क्रमांक नव्या कनेक्शनला मिळाला असेल तर पिढी जुळत नाही. मिळाला नसेल तर लायब्ररी नोंद काढायचा प्रयत्न करते, पण क्रमांकच बंद असल्यामुळे तो फसतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात: ईपोल नव्याने बांधायचा आणि सगळे डिस्क्रिप्टर पुन्हा नोंदवायचे. म्हणजे १०,००० कनेक्शनं उघडी असतील तर एका शिळ्या सूचनेपायी १०,००० ईपोल_सीटीएल. लायब्ररी बिचारी आमचा गोंधळ निस्तरत होती आणि शिव्याही तीच खात होती.

खात्री करायची तुमची रीत तर फारच आवडली. प्रॉकमधल्या (/proc, जिथे कर्नल चालू प्रोसेसची माहिती दाखवतो) त्या प्रोसेसच्या एफडीइन्फो फोल्डरात ईपोलच्या क्रमांकाची फाइल उघडायची. त्यात 'टीएफडी'ने सुरू होणारी एकेक ओळ म्हणजे एकेक नोंद. जो क्रमांक तिथे आहे पण शेजारच्या एफडी फोल्डरात नाही, तो शिळा. एकच क्रमांक दोनदा दिसला तर त्यातला एक शिळा. 'डेटा'पुढचे शेवटचे आठ हेक्स अंक सोडून उरलेला भाग पाहिला की पिढ्या वेगळ्या असल्याचं कळतं. आणखी एक बाहेरचं लक्षण तुम्ही सांगितलंत: आपण क्लोज केलेलं कनेक्शन समोरच्याला चालूच दिसतं. चाइल्डकडची प्रत बंद होईपर्यंत निरोपाचं पॅकेट जातच नाही.

दुरुस्ती एवढीशी. नवं कनेक्शन स्वीकारणाऱ्या अ‍ॅक्सेप्टच्या जागी अ‍ॅक्सेप्ट४ आणि त्याला सॉक_क्लोएक्झेक, म्हणजे चाइल्डने एक्झेक करताच (दुसरा प्रोग्रॅम सुरू करताच) प्रत आपोआप बंद. आधी अ‍ॅक्सेप्ट आणि मग एफसीएनटीएलने ती खूण लावायची असं दोन पायऱ्यांत करू नका, हे तुम्ही बजावलंत. मधल्या फटीत दुसऱ्या थ्रेडने फोर्क केलं की प्रत निसटते. ओपनला ओ_क्लोएक्झेक आणि पाइपऐवजी पाइप२ हेही त्याच ओघात. चाइल्ड एक्झेक न करता तोच लूप वापरणार असेल तर प्रकरण वेगळं: तिथे चाइल्डमध्ये ईव्ही_लूप_फोर्क हाक मारायलाच हवी.

टायमरबद्दलचा सल्ला छोटा होता, पण तोही लागू पडला. ६० सेकंदांच्या शांततेनंतर कनेक्शन तोडायचं म्हणून प्रत्येक रीडनंतर टायमर थांबवून पुन्हा सुरू केला जात होता. दर वेळी हीपमध्ये (टायमर क्रमाने ठेवणाऱ्या रचनेत) उलथापालथ. आता रीडनंतर ईव्ही_नाऊचा आकडा फक्त लिहून ठेवायचा. ती लूपने आधीच जपलेली वेळ असते, सिस्टीम कॉल लागत नाही. टायमर वाजला की शेवटच्या हालचालीत ६० मिळवून आत्ताची वेळ वजा करायची. काही उरलं तर तेवढ्याचाच टायमर पुन्हा लावायचा. मात्र कॉलबॅक (सूचना आल्यावर चालणारं आपलं फंक्शन) लांबला तर ईव्ही_नाऊ मागे पडतं आणि त्यात लावलेला नवा टायमर वेळेआधी वाजतो. तिथे आधी ईव्ही_नाऊ_अपडेटने ती वेळ ताजी करायची.

तुमची एक सूचना मात्र बाजूला ठेवली आहे: ईव्ही_सेट_आयओ_कलेक्ट_इंटरव्हल. थोडं थांबून सूचना गोळा केल्या की ईपोल_वेट कमी होतात हे खरं, पण छोटा प्रश्न-छोटं उत्तर अशा कामात तेवढा उशीर प्रत्येक फेरीत भरावा लागतो. लॉग गोळा करणाऱ्या सर्व्हरला ती शोभेल.

चाचणीच्या बिल्डमध्ये ईव्ही_व्हेरिफाय (लायब्ररीने स्वतःची तपासणी किती कसून करायची ते) ३ वर ठेवलं आहे, तुम्ही म्हणालात तसं. चालू वॉचरची मेमरी कुणी फ्री केली की सहसा तिथेच असर्ट होतो, म्हणजे प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. पुढे काही सापडलं तर एफडीइन्फोच्या ओळींसकट कळवतो.

तुमचे आभारी,
सर्व्हर टीम