सूर्य ९ कोटी किलोमीटरवर कधीच नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट आली होती, की पृथ्वी आता 'अफेलियन'मध्ये जाणार, एरवी सूर्य आपल्यापासून ९ कोटी किलोमीटरवर असतो तो आता १५ कोटी २० लाख किलोमीटरवर जाणार, म्हणजे ६६ टक्के लांब, त्यामुळं ऑगस्टपर्यंत गारठा राहणार, सर्दी-खोकला वाढणार, काळजी घ्या. हा मेसेज व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतोय. तिथं मी काही बोलत नाही, कारण फॉरवर्डला उत्तर दिलं की ग्रुपवर आपणच आगाऊ ठरतो. पण छापून आलं म्हटल्यावर लोक फोटो काढून पाठवायला लागले, आता तरी पटतंय का म्हणून. तेव्हा हे पत्र. लांबलंय जरा, कापायचं असेल तर माझी शेरेबाजी कापा, आकडे ठेवा.

आधी ते ९ कोटी बघू. शुक्र सूर्यापासून साधारण १० कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. म्हणजे चौकटीवर विश्वास ठेवायचा तर आपण एरवी शुक्राच्याही आतून फिरतो आणि जुलै आला की उठून बाहेर येतो! तसं असतं तर सूर्याची तबकडी आत्ता दिसते त्याच्या दीडपटीहून मोठी दिसली असती, ऊन पावणेतीन पट पडलं असतं, आणि मग समुद्रही राहिला नसता आणि सर्दी व्हायला माणूसही. बरं, ९ वरून १५.२ म्हणजे वाढ जवळजवळ ६९ टक्के येते, ६६ नाही. थाप मारणाऱ्यानं स्वतःचं गणितसुद्धा तपासलेलं नाही, आणि तुमच्या डेस्कवर कॅल्क्युलेटर असणारच.

खरे आकडे असे आहेत. सूर्याचं सरासरी अंतर १४ कोटी ९६ लाख किलोमीटर, तिथून उजेड यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. पृथ्वीची कक्षा किंचित लांबट आहे म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपण १४ कोटी ७१ लाखांवर असतो, तो उपसूर्य बिंदू, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५ कोटी २१ लाखांवर, तो अपसूर्य, म्हणजेच चौकटीतलं 'अफेलियन'. फरक ५० लाखांचा, साडेतीन टक्के सुद्धा नाही, उन्हात धरला तर ७ टक्क्यांच्या आसपास. आणि गंमत अशी की सूर्य सगळ्यात जवळ असतो तेव्हा उत्तर गोलार्धात थंडी असते. जवळ आला की उन्हाळा आणि लांब गेला की हिवाळा हे इतकं डोक्यात बसलेलं असतं की शिकलेली माणसंही तेच सांगतात, पण मग त्याच जानेवारीत दक्षिण गोलार्धात उन्हाळा कसा, तिकडच्या लोकांना काय वेगळा सूर्य दिलाय का? ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून. जो गोलार्ध सूर्याकडं झुकलाय तिथं किरण जास्त सरळ पडतात, दिवसही मोठा, तापायला वेळ जास्त मिळतो. दुसरीकडं तेवढंच ऊन तिरकं पडून जास्त जमिनीवर पसरतं. बास, एवढंच आहे.

मी हौस म्हणून छोट्या दुर्बिणीतून सूर्य दाखवतो. डोळा लावून नाही हं, आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, मागं पांढरा कागद धरून त्यावर प्रतिमा पाडायची, फाइंडरवर, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर, टोपण ठेवायचं आणि दुर्बिणीजवळून हलायचं नाही. कागदावर हाताच्या पंजाएवढी तबकडी येते, मध्ये उजळ आणि कडेकडेला थोडी मंद, आणि सौरडाग असतील तर मध्ये काळा ठिपका आणि त्याच्याभोवती करडी किनार स्पष्ट दिसते. बघणारा हमखास म्हणतो, काचेवर धूळ बसलीय. मग आयपीस हातानं गोल फिरवून दाखवायचा, धूळ असते ती त्याच्याबरोबर फिरते, डाग जागचा हलत नाही. तबकडी मात्र बघता बघता कागदावरून सरकत जाते, दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढी, ती पृथ्वी फिरतेय म्हणून. लहान मुलांना डागांपेक्षा हेच जास्त आवडतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. डाग काळा दिसतो कारण सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सियसच्या आसपास आणि डाग साधारण साडेतीन ते चार हजारांवर, शेजाऱ्यापेक्षा थंड एवढंच, एकटा काढून आकाशात ठेवला तर डोळे दिपवेल. हे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात आणि कमी होतात, हाइनरिश श्वाबे नावाच्या हौशी माणसानं १७ वर्षांची निरीक्षणं मांडून १८४३ साली हे दाखवलं, तो मुळात औषधविक्रेता होता. हौशी लोकांना मी उगाच मान देत नाही.

तर कागदासमोर उभे राहिले की लोक प्रश्न विचारतात आणि ते बहुतेक तेच तेच असतात. सगळ्यात जास्त विचारतात, तिथं हवा नाही, ऑक्सिजन नाही, मग सूर्य जळतो कसा? उत्तर असं की जळतच नाही. जळणं ही रासायनिक भानगड आहे, आणि सूर्य नुसता कोळशाचा गोळा असता तर काही हजार वर्षांत संपला असता. एकोणिसाव्या शतकात केल्विनसारख्या मोठ्या शास्त्रज्ञानं हिशोब मांडला होता की सूर्य स्वतःच्या वजनानं आकसतोय आणि त्यातून उष्णता येतेय, पण त्या हिशोबात सूर्याचं वय काही कोटी वर्षांच्या पुढं जाईना आणि खडक बघणारे भूवैज्ञानिक म्हणत होते की पृथ्वीच त्याहून खूप जुनी आहे. गाठ सुटली ती विसाव्या शतकात. १९२० मध्ये एडिंग्टन हा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ म्हणाला की हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमान थोडं कमी भरतं, तिथंच ऊर्जा असणार. पण सूर्यात एवढा हायड्रोजन आहे कुठं, सगळे तर समजत होते की सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच मालमसाल्याचा आहे. १९२५ साली सिसिलिया पेन या पंचविशीतल्या मुलीनं मेघनाद साहांचं आयनीभवनाचं समीकरण वापरून ताऱ्यांचे वर्णपट तपासले आणि तिच्या प्रबंधात आकडे आले की हायड्रोजन आणि हेलियम बाकी सगळ्यापेक्षा प्रचंड जास्त आहेत. हेन्री नॉरिस रसेल हा त्या काळातला मोठा माणूस म्हणाला की हे शक्य नाही, म्हणून तिला प्रबंधात लिहावं लागलं की हे आकडे बहुधा खरे नसावेत. चार वर्षांनी रसेल स्वतःच्या वाटेनं त्याच उत्तराला पोचला आणि मग ते सगळ्यांना मान्य झालं! पेनबाईंना श्रेय त्यानं दिलं म्हणा, पण वर्षानुवर्षं लोकांनी नाव रसेलचंच घेतलं. तुमच्या विज्ञान पुरवणीत या बाईंवर पान व्हायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, ब्लॅक होलचं तेच तेच चित्र छापण्यापेक्षा.

तर सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमान आहे, दाब अफाट, तिथं दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातलं ४० लाख टनांहून थोडं जास्त वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. ऐकून पोटात गोळा येतो ना, आता संपेल की काय. पण सूर्य केवढा आहे ते बघा, पृथ्वीच्या ३ लाख ३३ हजार पट वस्तुमान, व्यास १०९ पट, सगळ्या सूर्यमालेचा ९९.८ टक्क्यांहून जास्त ऐवज त्याच्या एकट्याकडं. जन्मल्यापासून ४६० कोटी वर्षांत त्यानं असा उजेड होऊन गमावलेला माल शंभरेक पृथ्व्यांएवढा भरतो, म्हणजे त्याच्या ०.०३ टक्के. आणि हे फ्यूजन, म्हणजे हायड्रोजनचं हेलियम होणं, भडक्यासारखं होत नाही, फार संथ चालतं, इतकं की सूर्याचं एक किलो वस्तुमान सरासरी जेवढी उष्णता तयार करतं त्याच्या काही हजार पट उष्णता तुमच्या-माझ्या शरीराचं एक किलो तयार करतं. नुसत्या आकारामुळं तो सूर्य आहे. ती ऊर्जाही सरळ बाहेर येत नाही, गाभ्यातून धडपडत, आदळत, शोषली जाऊन परत सुटत पृष्ठभागाला यायला हजारो वर्षं, काही हिशोबांत लाखभर वर्षं लागतात, आणि मग पुढची ८ मिनिटं २० सेकंद.

मग संपणार कधी? अजून सुमारे ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपेल, सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बुध आणि शुक्र गिळेल, पृथ्वीचंही बहुतेक खरं नाही, नंतर बाहेरचे थर उडून जाऊन आत पृथ्वीएवढा विझत जाणारा गाभा, म्हणजे श्वेतबटू, राहील. स्फोट नाही, कृष्णविवर नाही, त्यासाठी सूर्याच्या किमान आठ पट वजनाचा तारा लागतो. आपली अडचण मात्र आधीच येणार आहे, कारण सूर्य दर १०० कोटी वर्षांनी साधारण १० टक्के प्रखर होत जातो आणि समुद्र तेवढंही सोसणार नाहीत. त्यावरून लगेच कोणीतरी विचारतो की मग आत्ताचं तापमान सूर्यामुळंच वाढतंय ना. नाही हो. सूर्याचा उजेड १९७८ पासून उपग्रहांनी मोजलाय, ११ वर्षांच्या चक्रात तो ०.१ टक्का वरखाली होतो आणि वाढता कल नाहीये, पृथ्वी मात्र तेवढ्याच काळात तापत गेलीये.

रंगाचं थोडक्यात सांगतो, सूर्य पांढरा आहे, अंतराळातून बघणाऱ्यांना पांढराच दिसतो. हवेत निळा उजेड जास्त विखुरतो म्हणून खालून पिवळसर, आणि मावळताना किरणांना हवेतून लांबचा रस्ता पडतो म्हणून लाल. सूर्याचा आवाज नासानं रेकॉर्ड केला आणि तो ओंकार निघाला, हाही एक मेसेज आहे. मधल्या पोकळीतून आवाज येऊच शकत नाही. सूर्य आतून थरथरतो हे खरं, त्याचे हेलकावे साधारण पाच-पाच मिनिटांचे असतात, ते उपकरणांनी पृष्ठभागाच्या हालचालीवरून मोजतात आणि आपल्याला ऐकू यावं म्हणून हजारो पट वेगात वाजवतात, जे ऐकू येतं ते मंद घूं घूं असतं, त्यात ज्याला जे ऐकायचंय ते ऐकू येतं.

सूर्याजवळून जाणारं नासाचं पार्कर यान वितळत कसं नाही, हा प्रश्न मला फार आवडतो. २४ डिसेंबर २०२४ ला ते सूर्याच्या पृष्ठभागापासून फक्त ६१ लाख किलोमीटरवरून गेलं, प्रभाकिरीटातून, म्हणजे सूर्याभोवतीच्या ज्या बाहेरच्या आवरणाला कोरोना म्हणतात त्यातून, आणि त्याचं तापमान दहा लाख अंशांच्या वर असतं. पण तिथला वायू इतका विरळ आहे की यानाला आदळणारे कण मोजकेच, एकेक कण भयंकर वेगवान असला तरी सगळे मिळून उष्णता फारशी देत नाहीत, यान तापतं ते मुख्यतः सूर्याच्या उजेडानं. पुढं कार्बनची साडेचार इंच जाड ढाल आहे, तिची सूर्याकडची बाजू हजार अंशांच्या आसपास जाते आणि मागं उपकरणं साध्या खोलीतल्या तापमानाला. पृष्ठभाग साडेपाच हजार अंश आणि त्याच्या वरचा कोरोना लाखांत हे उलटं कसं, यावर अजून काम चालू आहे, आपलं आदित्य एल-१ हे यान त्यासाठीच २०२४ च्या जानेवारीपासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर बसलंय.

सौरवादळानं, म्हणजे सूर्यावरून सुटलेल्या कणांच्या लोंढ्यानं, इंटरनेट कायमचं जाणार वगैरे बातम्या तुम्ही पण छापता. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये मोठं वादळ आलं होतं, तारायंत्रातून ठिणग्या निघाल्या होत्या. मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेकमध्ये वीज ९ तास गेली. म्हणजे त्रास खरा आहे, वीजवाहिन्यांना आणि उपग्रहांना, पण मे २०२४ मध्ये वीस वर्षांतलं सगळ्यात जोरदार वादळ येऊन गेलं आणि आपण सगळे मोबाइलवर ध्रुवीय प्रकाशाचे फोटोच बघत बसलो होतो.

शेवटचं, ग्रहणाचं. ग्रहणात सूर्यातून वेगळे वाईट किरण निघत नाहीत, चंद्र मध्ये आला हे सूर्याला कळतही नाही. धोका एवढाच की एरवी सूर्याकडं बघवत नाही आणि ग्रहणात झाकल्यामुळं बघवतं, आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळं भाजतंय हे तेव्हा समजतच नाही, काही तासांनी मधोमध डाग दिसायला लागतो. गॉगल, एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, काहीही चालत नाही, प्रमाणित सौरचष्मा किंवा कागदावरची प्रतिमा.

हे आत्ता सांगायचं कारण, २ ऑगस्ट २०२७ ला मोठं खग्रास सूर्यग्रहण आहे, स्पेनच्या दक्षिण टोकावरून उत्तर आफ्रिका, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन असा पट्टा, इजिप्तमध्ये लक्सरजवळ ६ मिनिटं २३ सेकंदांपर्यंत खग्रास. त्याचीच तारीख चुकवून २०२५ मध्ये मेसेज फिरला होता की जगभर सहा मिनिटं अंधार होणार, आणि तो पुन्हा येणार हे नक्की. सावलीचा पट्टा अडीचशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, त्याच्या बाहेर खंडग्रास किंवा काहीच नाही. चौकट करायची असेल तर तेव्हा कुठल्या शहरात किती वाजता किती टक्के सूर्य झाकणार एवढा तक्ता द्या आणि खाली चष्म्याची ओळ ठळक टाका. तक्ता तपासून पाहिजे असेल तर मी तपासून देईन, पैसे नकोत.

आपला,
एक जुना वाचक